ज्ञानूकाकांचा चेहरा

ज्योत्स्ना आणि मी कळंबच्या शाळेत एका बाकावर बसायचो. दहावीनंतर माझं लग्न झालं आणि मी लासुर्ण्याला आले. तिला बघायला पाहुणे यायचे, चहा पिऊन जायचे, आणि मागनं निरोप यायचा, मुलगी हुशार आहे पण रंगानं कमी. असं पुष्कळदा झाल्यावर तिनं घरी सांगून टाकलं, आता पाहुणे बोलवू नका. बारामतीला जाऊन ती टायपिंग शिकली, मग संगणक, आणि एसटी स्टँडमागच्या डीटीपीच्या दुकानात कामाला लागली.

लग्नपत्रिका, दुखवट्याची कार्डं ती संगणकावर जुळवायची. लेझर प्रिंटरवर ती बटर पेपरवर काढायची आणि तो कागद छापखान्यात जायचा. फोटो मात्र तिच्या प्रिंटरवर कायम काळपट यायचे. मालकानं शिकवलेला उपाय एकच होता, चेहरा दिसेपर्यंत उजळ करायचा. कुणाची तक्रार नसायची. नवरीचे आईबाप तर खूश व्हायचे.

सत्त्याण्णव साली मी माझ्या चुलतीला, निरवांगीच्या ठमाकाकूला, तिच्याकडे घेऊन गेले. ज्ञानूकाकांना जाऊन वर्ष होत आलं होतं. पुण्यानुमोदनाच्या कार्डावर त्यांचा फोटो हवा होता. काका साखर कारखान्यात होते. त्यांचा फोटो म्हणजे कारखान्याच्या पासवर चिकटवलेला तेवढा एकच.

फोटो स्कॅन केल्यावर पडद्यावर काका स्वच्छ दिसले. कागदावर आला तो काळा डाग. ज्योत्स्नानं नेहमीप्रमाणे उजळ करून दुसरा कागद काढला. काकूनं तो दारात उजेडाला धरला.

"ह्यो कोन?"

"काका हायत की, काकू," ज्योत्स्ना म्हणाली.

"न्हवं. ह्यो कुनी सायब दिसतोय." काकूनं कागद परत दिला. "जिते हुते तवा त्यांला कुनी उजळ म्हनलं न्हाय. मेल्यावर कशाला उजळ करतीस, पोरी? ऱ्हाऊ दे. फोटूबिगर छाप."

मी म्हटलं, "अगं, जरा तरी सारखं दिसतंय की."

"तुला दिसतंय. मला न्हाय दिसत."

ज्योत्स्नानं कागद बाजूला ठेवला. तिची मान खाली होती. मग हळूच म्हणाली, "काकू, तुमी बसा. मला बघू द्या."

तिनं शाईची डबी काढून हलवली, पुन्हा बसवली. डागच आला. दुसऱ्या कंपनीचा कागद घातला. तोच डाग. मग ती संगणकावर छापायच्या चौकटीतलं एकेक पान उघडून वाचत बसली. इंग्रजी कळेना तिथं डिक्शनरी काढली. एका कोपऱ्यात स्क्रीन म्हणून रकाना होता, त्यातला आकडा मालकानं मशीन आणल्यापासून कुणी हलवला नव्हता. फोटो ठिपक्यांनी छापला जातो, आणि ते किती बारीक आणि दाट हवेत हे तो आकडा ठरवतो. मोठ्या शहरातल्या मशीनला तो चालला असता. आमच्या बारामतीच्या प्रिंटरला इतके बारीक ठिपके पेलत नव्हते, सावळ्या चेहऱ्यात ते एकमेकांत मिसळून जात होते.

तिनं आकडा निम्म्याच्या खाली आणला. उजळपणा काढून टाकला, फोटो होता तसा ठेवला.

कागद बाहेर आला. ठिपके मोठे, तांदळाच्या कणीसारखे वेगवेगळे दिसणारे. जवळून चेहराच कळेना, माझं तोंड पडलं. ज्योत्स्नानं तो भिंतीला लावला आणि काकूचा हात धरून तिला दारापर्यंत मागं नेलं.

काकू बघत राहिली. पदर तोंडाला लावला.

"आलं व्हय तुमी," ती एवढंच म्हणाली.

ज्योत्स्ना पाठ फिरवून प्रिंटरचं झाकण लावत बसली, ते लागलेलंच होतं.

त्यानंतर "उजळ करू का?" हा प्रश्न तिनं स्वतःहून गिऱ्हाइकाला विचारला नाही. कुणी मागितलं तर करायची, पण आधी होता तसा काढून दाखवायची.

निरवांगीला पुण्यानुमोदनाच्या दिवशी काकूनं कार्ड बुद्धमूर्तीशेजारी ठेवलं. वंदना झाली. माणसं पुढं होऊन फुलं वाहायची आणि वाकून फोटो बघायला लागायची. काकू प्रत्येकाला दंडाला धरून मागं सारत होती.

"जवळनं न्हाय. तितनं बघा. तितनं दिसत्यात ते."