टाके किती पडले?

आमच्या असोद्यात माणूस दवाखान्यातून घरी आला की भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "टाके किती पडले?" आजाराची प्रतवारी त्यावरून लागते. पाचाच्या आत असतील तर लोक चहा घेऊन उठतात, विसाच्या वर गेले तर जेवायला थांबतात. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, या बाबतीत गावाची घोर निराशा केली.

मुतखड्याच्या संशयावरून जळगावात त्यांची सोनोग्राफी केली होती. खडा सापडला नाही, पण पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगलेली सापडली. ही फुटली तर माणूस दवाखान्यापर्यंत पोचेलच असं नाही, असं डॉक्टरांनी हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. उपाय दोन होते. एक म्हणजे पोट उघडून फुगलेल्या जागी कापडी नळी शिवायची. त्यात महिना-दोन महिने हाल, वयामुळे जोखीमही जास्त, पण एकदा निभावलं की बहुतेक निश्चिंती. दुसऱ्या उपायात पोटाला हात लावायचा नाही, जांघेतल्या रक्तवाहिनीतून जाळीदार नळी आत सरकवायची आणि तीन-चार दिवसांत घरी. मात्र दर वर्षी सीटी स्कॅन, तोही जन्मभर. नळीच्या कडेने रक्त झिरपून फुगा पुन्हा वाढू शकतो आणि माणसाला त्याचा पत्ता लागत नाही, हे डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं. मी दोनदा मान हलवली.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो, त्यामुळे घरातला वैद्यकीय सल्लागार अर्थातच मी. विरोधी पक्षात होते धुळ्याचे नाना, माझ्या आत्याचे यजमान. काही वर्षांपूर्वी त्यांचं हेच ऑपरेशन पोट उघडून झालं होतं. ते धुळ्याच्या देवपुरातून मुद्दाम आले आणि बसल्या बसल्या सदरा वर करून म्हणाले, "हाई देख. बठ्ठं पोट उघाडं कयं, तवय बरा व्हयनू मी." अख्खं पोट उघडलं तेव्हाच बरे झाले, याचा पुरावा म्हणून दाखवलेला, छातीखालून बेंबीच्याही खाली गेलेला तो व्रण आमच्या घराण्याला पाठ होता. पुढे त्याच व्रणाजवळ हर्निया झाला, तोही नाना तितक्याच कौतुकाने दाखवत. जग पुढे गेलंय नाना, असं मी त्यांना समजावलं. समजावताना मला फार बरं वाटत होतं.

आबांची जांघेतून नळी बसली. चौथ्या दिवशी ते अंगणात खुर्ची टाकून बसले. भडगावहून दोन गाड्या बदलून आलेल्या मावशीने आधी रिकाम्या खाटेकडे पाहिलं, मग आबांकडे. दोन्ही जांघांत नखाएवढ्या खुणा, त्याही चारचौघांत दाखवण्यासारख्या जागी नाहीत. "मंग केलं काय डॉक्टरनं?" असं विचारून मावशी चहावरच परतली. महिनाभरात आबा केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या तपासत हिंडायला लागले. अडाणी लोक कसे टाके मोजून आजार ठरवतात, यावर मी स्टाफरूममध्ये बरेच विनोद केले.

पहिल्या वर्षी स्कॅन केला, तो ठीक आला. दुसऱ्या वर्षी आबांनी आठवणीने विचारलं, "यंदा जयगावले नाही जायाचं का रे?" माझ्या टेबलावर पेपरांचे गठ्ठे होते. "घोड्यासारखे हिंडताय, कशाला उगाच?" मी म्हणालो. तिसऱ्या वर्षी त्यांनी विचारलं नाही. दवाखान्याचे आठवणीचे मेसेज येत होते, ते मी दिवाळीच्या शुभेच्छांबरोबर पुसून टाकत होतो. टाका दिसत नाही म्हणजे आजार नाही, हे गावाचं शास्त्र मी पदवीसकट कधी पत्करलं ते मला कळलंच नाही.

त्या हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी होती. वांगी भाजून झाली होती, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या तळल्या जात होत्या. नानांनी ताट हातात घेतलं आणि आबांना विचारलं, "स्कॅन कवय कया व्हता?" आबा माझ्याकडे बघायला लागले.

"नाना, ठणठणीत आहेत ते," मी म्हणालो.

"मना टाका माले रोज आंघोयले दिसतस," नाना म्हणाले. "यास्नं काय दिसस? म्हनीसन देखनं पडस."

दिसत नाही म्हणूनच बघावं लागतं, माझ्या सगळ्या भाषणांत हे एवढं साधं वाक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी नाना स्वतः आबांना रिक्षात घालून जळगावला निघाले. मी मागून मोटरसायकलवर गेलो.

फुगा वाढला होता, चांगलाच. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं, नळीच्या कडेने रक्त झिरपत होतं. आधी जांघेतूनच पुन्हा आत शिरून ते बंद करता येतं का पाहू, नाही जमलं तर पोट उघडावं लागेल. आणि आता ते पहिल्या वेळेपेक्षा खूप अवघड आहे, असं म्हणून त्यांनी चष्मा काढला. "दोन वर्षं आला का नाहीत? मी तुमच्या मुलाला बजावून सांगितलं होतं."

'मीच त्यांना आणलं नाही' हे वाक्य ओठांवर होतं, फक्त म्हणायचं होतं.

"केयाच्या कापनीत राहून गेलं, डॉक्टरसाहेब," आबा म्हणाले. "पोरगा दर वर्षी सांगत होता. मीच नाही आलो." ते माझ्याकडे वळलेही नाहीत.

"शिकलेला मुलगा आहे तुमचा. त्याचं ऐकत जा," डॉक्टर म्हणाले.

आबांनी मान हलवली. मला लाज वाटली. तरीही त्यांच्याबरोबर मीही मान हलवली.