मावशीचं मशीन अडकेनासं झालं

कॉलेजात पॉइंटर शिकवला, तेव्हापासून त्याच्यापुढे माझी गाळण उडते. ऐकायला सोपं आहे हो. पॉइंटर म्हणजे संगणकाच्या मेमरीतल्या एखाद्या जागेचा पत्ता. त्या पत्त्यावर जाऊन आत काय ठेवलंय ते बघायचं, त्याला डिरेफरन्स करणं म्हणतात. आणि पत्ताच कोरा असला, म्हणजे नल, तर? तरीही गेलात तर प्रोग्राम जागच्या जागी आडवा. डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेत याच प्रश्नाला मी रडले होते. रडून सी भाषेला थोडीच दया येते!

आता सोमाटण्याजवळच्या एका लहानशा कंपनीत मी मशीनचे प्रोग्राम तपासते. त्यातला एक सुदुंबऱ्याकडच्या कारखान्यातल्या प्रेसवर चालतो, आणि त्याच प्रेसवर माझी सख्खी मावशी कामाला आहे. पत्र्याचा तुकडा हाताने साच्यात ठेवायचा, हात काढायचा, पायाने पेडल दाबायचं, दिवसभर तेच. हात आत असताना चुकून पाय पडलाच, तर सेन्सरला हात दिसतो आणि प्रेस खाली येत नाही.

पण ते मशीन सारखं अडकायचं. मावशी घरी येऊन आमच्या कंपनीचा उद्धार करायची. "मशीन हाय का जावई? घडीघडी रुसून बसतंय!"

कारण सापडलं. सेन्सरचं रीडिंग आलं नाही की पॉइंटर नल यायचा, प्रोग्राम तरी तिथं जायचा आणि कोसळायचा. आमच्या साहेबांनी एक ओळ वाढवली: नल असेल तर जाऊ नकोस, शून्य धर. नल आधी तपासा, हे तर पहिल्या धड्यात शिकवतात. मी वाचलं, मान डोलावली, आणि नवा प्रोग्राम मावशीच्या प्रेसवर चढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात टेबलावरच्या, त्याच प्रेसच्या सेन्सर-दिव्याच्या नमुन्याशी खुडबुड करत होते. ओढणीत अडकून सेन्सरची वायर निघाली. 'प्रेस खाली येऊ दे' म्हणणारा दिवा हिरवाच राहिला. मी सेन्सरपुढे हात धरला, तरी हिरवाच. मी प्रोग्राम उघडून पाहिला. आमच्या प्रोग्रामात शून्याचा अर्थ होता, 'हात नाही'.

मावशीला फोन लावून उपयोग नव्हता, तिथं फोन गेटवरच जमा करतात. साहेब कारखान्याचा नंबर फिरवत बसले, कोणी उचलेना. मी स्कूटी काढली. एवढी भीती मला उभ्या जन्मात वाटली नव्हती. तळेगावच्या चौकात ट्रकांच्या मागे अडकले तेव्हा हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही. डोळ्यांपुढे मावशीची बोटं. शाळेत जाताना माझ्या वेण्या त्याच बोटांनी घातलेल्या, करकचून, डोकं दुखेपर्यंत. देवा, आज तिचा पाय चुकू देऊ नकोस, एवढंच मी घोकत होते.

गेटवर वॉचमन आडवा आला. "पास कुटंय, ताई?"

"पास गेला खड्ड्यात, भाऊ! माझ्या मावशीचा हात जाईल!"

बिचारा माझ्यामागे धावत आला. आत धाडधाड चालू होतं. मावशी प्रेसपुढे बसली होती. हात आत, हात बाहेर, पाय खाली. मी जाऊन लाल बटणावर अक्षरशः पडले. प्रेस थांबला. सुपरवायझर ओरडत होता, काय ते मला ऐकूच आलं नाही. मी मावशीचे तेलकट हात धरले, उलटसुलट पाहिले आणि भोकाड पसरलं.

"अगं येडे, बंद कशाला केलंस?" मावशी हसतच होती. "आन् रडतीस का? लय ब्येस केलंय बघ तुमी. सकाळपास्नं एकदाबी अडकलं न्हाई."

मी खाली वाकून सेन्सरच्या मागे पाहिलं. वायर निघून लोंबत होती.