तिसऱ्या फेकीचा लाल झेंडा

माझ्या तोंडाला कुलूप नाही, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात. खोटं नाही ते. शाळेत मुख्याध्यापकांना मी तोंडावर बोलते, आणि नवऱ्याचं तर विचारूच नका. पण एक गोष्ट मी आबांपासून, म्हणजे माझ्या वडलांपासून, ते जाईपर्यंत दडवून ठेवली. तिचा मला आजही राग येतो. नेमका कोणाचा ते धड सांगता येत नाही. कधी भावाचा येतो, कधी आबांचा, कधी गोळाफेकीचे नियम ज्या कोणी केले त्याचा.

आम्ही धनगर. गाव फुलंब्रीपासून आत. आबांच्या मेंढ्या होत्या, थोडी कोरडवाहू जमीन होती. तरुणपणी ते जत्रांमधून कुस्त्या खेळायचे, आणि मेंढ्या राखता राखता पोरालाही पैलवान करायचं त्यांच्या डोक्यात होतं. भाऊ माझ्याहून बराच लहान, पण अंगानं पहिल्यापासून दांडगा. सातवीत असताना गुरुजींनी त्याच्या हातात लोखंडी गोळा दिला आणि त्यानं तो शाळेच्या कुंपणात नेऊन घातला. गुरुजी धावत घरी आले. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून कुस्ती सोडून गोळ्याचा नाद धरला.

गायरानात चुलीतली राख टाकून आबा गोल आखायचे. गोळ्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण शिस्त आखाड्याची. गोलात शिरताना मातीला हात, तोच हात कपाळाला. फेकून झालं, की पाय थांबला तिथंच वाकायचं, समोरच्या मातीला बोटं टेकवायची आणि कपाळाला लावायची. भाऊ विसरला तर आबा म्हणायचे, "कितीबी लांब जाऊ दे गोळा. मातीला हात नाय लावला ना, ती फेक मोजायची नाय." पोरगं रडकुंडीला यायचं, पण पुन्हा फेकायचं.

दहावीनंतर तो शहरात माझ्याकडं आला. भाकरी थापून थापून माझे हात भरून यायचे. "मेल्या, पोट आहे का पेव?" मी म्हणायची. तो हसायचा आणि अजून एक मागायचा. स्टेडियमवरच्या सरांनी त्याची फेक बघितली आणि लगेच त्याला धरलं, पण त्याचं ते वाकणं बघून कपाळावर हात मारला. गोळा टाकायच्या गोलाला पुढून पांढरी लाकडी फळी असते. तिच्या वरच्या अंगाला पाय लागो नाहीतर बोट लागो, फेक बाद. बाहेर निघायचं तेही मागच्या अर्ध्या भागातूनच. सर ओरडायचे, "अरे बाबा, आधी मागून बाहेर पड, मग काय साष्टांग नमस्कार घालायचा तो घाल!" ती सवय मोडायला वर्ष गेलं. शेवटी तो मागून बाहेर पडायला शिकला, आणि मग खाली वाकायचा. आबांना हे कोणी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं तेव्हा कोणाला वाटलंच नाही.

मग जिल्हा झाला, राज्य झालं, देश झाला. नोकरी लागली. आणि एका वर्षी आशिया खंडातल्या देशांच्या मोठ्या स्पर्धेसाठी त्याची निवड झाली. परदेशातलं मैदान, अंगावर देशाचा बनियन. आबा गावभर पेढे वाटत हिंडले. मेंढ्यांच्या बाजारात अनोळखी माणसाला थांबवून सांगायचे, "पोरगं विमानानं गेलं." ऐकणारा निघून जायचा, तरी यांचं चालूच.

फायनल आपल्याकडच्या दुपारी होती. मी हाफ डे टाकला. आबा सकाळीच जीपनं शहरात आले. सोफा असताना खाली फरशीवरच बसले, फेटा काढून मांडीवर ठेवला. भाकरी वाढली तर म्हणाले, "पोराचं होऊ दे आधी." आमच्या ह्यांनी मोबाईल टीव्हीला जोडला. चित्र मधेच अडकायचं आणि गोल चाक फिरत बसायचं. आबा विचारायचे, "थांबला का तो?" मी म्हणायची, "तो नाही हो आबा, नेट थांबलंय."

मैदानात एकेक आडदांड गडी. आमचा पोरगा त्यांच्यात बारका दिसायला लागला, देवा शपथ. पहिल्यांदा प्रत्येकाच्या तीन फेकी, आणि त्यातून पहिल्या आठ जणांनाच पुढं संधी. त्याची पहिली फेक जवळच पडली. दुसरीही तशीच. आबांचे ओठ हलत होते.

तिसऱ्या वेळेला तो गोलात शिरला तेव्हाच त्याच्या मानेवरून मला कळलं, आता हा सोडत नाही. मानेला गोळा टेकवला, मागं वाकला, सरकला आणि असा काही फिरला की मी उठून उभीच राहिले. गोळा गेला. तिसऱ्या नंबरवाल्याच्या खुणेच्या चांगला पलीकडं जाऊन धप्पकन पडला. आमचे हे ओरडले, मी ओरडले. आबांनी फक्त खाली वाकून माझ्या घरच्या फरशीला हात टेकवला आणि कपाळाला लावला. डोळे मिटून, अगदी सावकाश.

आणि तेवढ्यात मी टीव्हीत बघितलं. तिथं तो पण वाकत होता. पाय फळीला आतून टेकलेला, तोल अगदी पक्का, कुठंही काही चुकलेलं नाही. आणि तो जागच्या जागी वाकला, फळीवर बोटं टेकवली आणि कपाळाला लावली. सरांचं वर्षभराचं ओरडणं, सगळं गेलं वाहून. आयुष्यातली सगळ्यात मोठी फेक, आणि पोरगा गायरानात जाऊन पोचला.

पंचानं लाल झेंडा वर केला. फेक बाद, आणि पुढच्या फेकींची संधीही गेली. भावाला आधी कळलंच नाही. तो पंचाकडं बघत राहिला, मग गोळा पडला तिकडं बघितलं, आणि मग आपल्या बोटांकडं. ते बोटांकडं बघणं मला अजून दिसतं. भर वर्गात शिकवताना दिसतं, आणि मी फळ्याकडं तोंड करून उभी राहते.

आबांनी डोकं वर केलं. "लाल कामून दाखवलं?"

आता झालेलं पुन्हा दाखवणार, हे मला माहीत होतं. मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी झटकन मोबाईल उचलला आणि चित्र बंद केलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण न सांगता माझं म्हणणं त्यांना कळलं ते त्या दिवशीच. मी म्हणाले, "पाय पडला आबा. फळीवर पाय पडला त्याचा."

"पाय?"

"व्हय. पाय."

आबांनी टीव्हीच्या काळ्या काचेकडं बघितलं. मग म्हणाले, "धनगराच्या पोराचा पाय पडतो व्हय कुठं?" भाकरीला त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

संध्याकाळी भावाचा फोन आला. मी गच्चीवर जाऊन घेतला. मी आबांना काय सांगितलं ते त्याला सांगितलं. तेव्हा म्हणाला, "बरं केलं आक्का. आता तेच ठेव. आबांनी शिकवल्यामुळं गेलं हे त्यांना कळलं ना, तर त्यांना अन्न गोड लागणार नाय. माझी शपथ आहे तुला." मी म्हणाले, "गाढवा, तुझी कसली शपथ घालतोस." पण घातली त्यानं.

गावातल्या पोरांनी मोबाईलवर सगळं बघितलं होतं. रविवारी मी मुद्दाम गावी गेले. चहाच्या टपरीवर सगळी जमली होती. तिथं उभी राहून म्हणाले, "आबांच्या कानावर हे कोणी घातलं, तर त्याच्या दारात येऊन अशी बोंब मारीन की सोयरीक करायला कोणी यायचं नाही." एक म्हातारा म्हणाला, "तू कशाला आलीस गं बाई वरडायला? आमाला काय लेकरं नायत व्हय?" मला तोंड वर करता येईना. आमचं गाव कसं, तर सकाळी कोणाच्या घरी दूध नासलं तर दुपारपर्यंत शेजारच्या वाडीत कळतं. पण ही गोष्ट त्या गावानं पोटात ठेवली. एकानंही तोंड उघडलं नाही.

भाऊ परत आला. आबा म्हणाले, "पाय दाखव. कुठला?" त्यानं उजवा पाय पुढं केला. आबांनी तो मांडीवर घेतला, घोटा दाबून बघितला, तळवा बघितला. मग तेल लावून चोळत बसले आणि चोळता चोळता बोलत राहिले. "इतकं खाल्लं-प्यालं, सरांनी जीव टाकला, देशानं विमानात बसवलं, आन् तुला एक पाय सांभाळता येईना? मेंढरू सुद्धा बघून पाय टाकतं रे." भाऊ मान खाली घालून म्हणाला, "चुकलं आबा." मी चुलीपाशी होते. परात आपटली आणि बाहेर निघून गेले.

त्यानंतर आबांना एकच ध्यास. भाऊ सुट्टीला आला की त्याला पहाटे उठवून दगडावर एका पायावर उभं करायचे. खांद्यावर कोकरू देऊन बांधावरून चालायला लावायचे. देशासाठी खेळून आलेला एवढा मोठा गडी, कोकराचे पाय छातीशी धरून, तोल सांभाळत चाललाय, आणि म्हातारा मागून ओरडतोय, "बघून! पाय बघून!" बघताना हसू यायचं आणि हसता हसता मी तोंड फिरवायची. मग गायरानात गोळा. आबा उभे आहेत म्हटल्यावर तो प्रत्येक फेकीनंतर जागच्या जागी वाकायचा, अगदी लहानपणीसारखा. एकदा मी त्याला बाजूला ओढला. "पुन्हा तीच सवय लावून घेतोस का रे? खुळा आहेस का?" तो म्हणाला, "नाय वाकलो तर विचारतील ना कामून म्हणून."

सवयीचा प्रश्न पुढं उरलाच नाही. पुढच्या निवडीच्या आधी त्याचं मनगट गेलं. ऑपरेशन झालं, पण पहिला जोर काही परत आला नाही. तशी स्पर्धा त्याच्या नशिबी पुन्हा आली नाही. आबांच्या मनात मात्र तो पाय रुतून बसला. पाहुणेरावळे आले, लग्नकार्य असलं, की निघायचंच. "फेक लई मोठी व्हती. पाय टाकला गड्यानं." माणसं भावाकडं बघायची, त्यातल्या अर्ध्यांना खरं माहीत असायचं. भाऊ ताटात बघून जेवत राहायचा. त्याच्या बायकोनं एकदा मला विचारलं, "आक्का, किती दिवस ऐकायचं ह्यांनी?" मला तरी कुठं ऐकवत होतं?

मागच्या हिवाळ्यात आबांची छाती भरली. शहरातल्या सरकारी दवाखान्यात ठेवलं. मी शाळा सुटली की जायची, भाऊ रजा टाकून तिथंच होता. एवढा मोठा तो, दोन खाटांच्या मधल्या जागेत अंग चोरून बसायचा. एका दुपारी आबांना जरा बरं वाटत होतं. त्यांनी ऑक्सिजनची नळी बाजूला केली आणि भावाचा हात धरला.

"तुला लई बोललो रे मी," म्हणाले. "चारचौघात बोललो. पाय काय, कोणाचाबी पडतो. माह्या मनात आता काय नाय बघ. तूबी ठेवू नको."

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. आता सांगून टाकावं, असं ओठापर्यंत आलं. आबा, याचा पाय नव्हता हो पडला. तुम्ही ज्याची माफी देताय ते यानं केलेलंच नाही. भावानं माझ्याकडं बघितलं. शपथेची आठवण द्यावी तसं.

मग आबांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन म्हणाला, "माझंच चुकलं व्हतं आबा. तुमी लई मोठं मन केलं."

आबांनी मान हलवली. चेहरा असा निवळला त्यांचा, मी बघतच राहिले. नळी परत लावून घेतली आणि झोपले. त्यानंतर दोनच दिवस होते ते.

त्या दुपारी मी भावाला बाहेर जिन्यात गाठलं आणि धुमसत म्हणाले, "आता तरी सांगायचं होतंस रे! शेवटच्या वेळेला तरी त्यांना कळलं असतं, आपला पोरगा किती गुणाचा आहे ते."

तो पायरीवर बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. स्पर्धेनंतर रडला नव्हता, मनगट गेलं तेव्हा रडला नव्हता. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. डोळे पुसून म्हणाला, "मला माफ करून समाधानानं झोपले गं ते. खरं सांगितलं असतं, तर त्यांना माफ कोणी केलं असतं? मी केलं असतं आक्का, पण ते स्वतःला करणारे नव्हते."