आधी चहाला ‘थांब’ म्हणा

मंदाताईंची आणि माझी पहिली भेट वाशीतल्या एका उडप्याच्या हॉटेलात झाली. नवशिक्यांनी पहिल्या दिवशी चारचौघांत बसून नुसता चहा प्यायचा, मनातल्या शंका विचारायच्या, दोरीला हात लावायचा नाही, असा ताईंचा शिरस्ता. मला तो कुठला ठाऊक? मी हार्डवेअरच्या दुकानातून निळी नायलॉनची दोरी घेऊन, ती पिशवीत दडवून, घामाघूम होऊन पोचले. ताईंनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि आपल्या कोळीवाड्याच्या बोलीत म्हणाल्या, “बाय, हिच्यावर कपरे वालव. अंगाला नको, सोलून काढंल!” मला इतकं हसू आलं की भीती कुठल्या कुठे पळाली.

ताईंच्या साठीनिमित्त काढलेल्या आमच्या मंडळाच्या या घरगुती अंकात सगळ्यांची नावं बदललेली आहेत. ती का, हे वाचणाऱ्यांना माहीत आहे. रोप बाँडेज, म्हणजे विश्वासातल्या माणसाला त्याच्या राजीखुशीनं दोरीनं बांधणं किंवा आपण बांधून घेणं, शिकायचंय असं बाहेर बोलायची सोय नाही. लोक एक तर फिदीफिदी हसतात, नाहीतर डोळे वटारतात. ताईंनी मात्र आपला दिवाणखाना आम्हाला मोकळा करून दिला. त्या फिजिओथेरपिस्ट; नस कुठे दबते हे त्या आधी शिकवतात, गाठ नंतर. बांधून घेणाऱ्याच्या हाताशी कात्री ठेवल्याशिवाय त्या दोरी उलगडू देत नाहीत.

माझं दुखणं वेगळंच होतं. माझ्या तोंडून ‘नको’ निघतच नसे. न्हावा शेव्याच्या ऑफिसात साहेब म्हणतील ते काम, सासरी म्हणतील ते सगळं. शेवटी संसार मोडला, तोही मी निमूटपणे मोडू दिला.

एका रविवारी सरावात माझ्या हाताला मुंग्या आल्या. मंडळातली एक मैत्रीण मला मन लावून बांधत होती, तिचा हिरमोड कशाला, म्हणून मी गप्प. ताईंनी बोटांचा रंग पाहिला आणि कचकन कात्री चालवली. दोरी त्यांची स्वतःची, तेल लावून मऊ केलेली, जिवापाड जपलेली.

“अहो ताई, तुमची दोरी!”

“दोरी बाजारात मिलंल. हात कुठं मिलंल?”

मग त्यांनी माझ्या कपात चहा ओतायला घेतला. कप भरला, बशी भरली, चहा सतरंजीवर सांडला, तरी ताई ओततच राहिल्या. सगळे माझ्याकडे बघत होते. अखेर मी किंचाळलेच, “थांबा!”

“आधी च्याला थांब म्हन. मंग दोरीला म्हनशील,” ताई म्हणाल्या. त्या दिवशी मी रडले, अगदी हमसून रडले.

गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असताना परवा ताई पुन्हा जमिनीवर बसून एका नव्या जोडप्याला शिकवत होत्या. चेहरा वेदनेनं पिळवटलेला. ताईंना अडवणार कोण? मी म्हटलं, “ताई, थांबा.”

त्यांनी त्याच क्षणी दोरी खाली ठेवली आणि माझ्या हाताला धरून उठल्या. न किंचाळता म्हटलेल्या माझ्या एका शब्दानं कुणी थांबतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा अनुभवलं.

ताई, साठीनंतरची वर्षं तुम्हाला भरभरून मिळोत, ठणठणीत तब्येतीची मिळोत. आज तुमच्या कपात चहा मी ओतणार आहे. तुम्ही ‘थांब’ म्हणायची अजिबात घाई करायची नाही.