यादीतली दुसरी यमुना

परवा आईला ड्रेसिंगसाठी नाशिक रोडच्या एका दवाखान्यात घेऊन गेले होते. सिस्टर वाकून आईच्या पायाची पट्टी सोडत होती आणि माझी नजर तिच्या बिल्ल्यावर गेली... यमुना भोये.

तिनं मला आधीच ओळखलं होतं. "मॅडम, तुम्ही हॉस्टेलच्या ऑफिसात होत्या ना? मी ठेंगणी यमुना." ती हसत होती. मला मात्र दुसरी यमुना आठवली.

गोष्ट दोन हजार तीन-चारची. गंगापूर रोडला पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी पाड्यांवरच्या मुलींसाठी एका संस्थेचं वसतिगृह होतं, तिथं मी टेम्पररी क्लार्क होते. संस्थेनं नवीन सॉफ्टवेअर घेतलं आणि जुनी रजिस्टरं कम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे आलं. सचिवांची एकच अट... एकही नाव दोनदा येता कामा नये.

अट चुकीची नव्हती. दर जूनला मुली जशा परत यायच्या तशी त्यांची नावं नव्यानं लिहिली जायची, त्यामुळे एकच मुलगी वेगवेगळ्या पानांवर भेटायची. नाव, वडील, गाव आणि जन्मतारीख, चारही जुळलं की मी एक ओळ ठेवायची आणि बाकीच्या काढून टाकायची. उन्हाळाभर हेच चाललं होतं.

शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला पोरीची तारीख सांगता आली नाही, की गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. आमच्या रजिस्टरात निम्म्याहून जास्त मुली एक जूनच्या. ऑफिसात आम्ही त्यावर हसायचो... एवढ्या जणींना पुरेल असा केक आणायचा कुठून म्हणून.

यमुना काशिनाथ भोये. पाडा एकच, तारीख एक जून, सालही तेच. अशा चार ओळी सापडल्या. दोन ओळींपुढे रेक्टरबाईंनी पेन्सिलनं 'ठेंगणी' लिहिलं होतं आणि दोन ओळींपुढे 'उंच'.

मला वाटलं, पोरगी मधल्या काळात वाढली असेल. खरंच तसंच वाटलं. सॉफ्टवेअरमध्ये पेन्सिलीसाठी रकाना नव्हता... मी तीन ओळी काढून टाकल्या. बाई शेजारच्याच खोलीत मुलींच्या चादरी मोजत होत्या. विचारायला मी उठले नाही.

मे संपता संपता बाई निवृत्त झाल्या. जूनला कम्प्युटरची यादी भिंतीवर लागली. ठेंगणी यमुना पहिल्याच दिवशी आली आणि तिच्या नावापुढे खूण झाली.

उंच यमुना आठ दिवसांनी आली, घरची भाताची पेरणी उरकून. सोबत वडील, त्यांच्या खांद्यावर पत्र्याची पेटी. नव्या रेक्टरनी यादीवरून बोट फिरवलं. "यमुना भोये कधीच आलीये. ही कोण?"

तोवर तिची कॉट एका नव्या मुलीला दिली गेली होती. ठेंगणी यमुना कॉलेजला गेलेली, मुलीही सगळ्या बाहेर; ही वेगळी यमुना आहे हे सांगायला कुणी नव्हतं. सचिव केबिनमधूनच म्हणाले, "यादीत नाही म्हणजे नाही. पुढच्या वर्षी बघू." तिचं ते बारावीचं वर्ष होतं.

यादीची प्रत माझ्या हातात होती. मला त्याच क्षणी सगळं कळलं... ठेंगणी, उंच. पण माझी कायम होण्याची ऑर्डर त्याच महिन्यात निघायची होती. मी कागदाकडे बघत राहिले. तिच्या वडलांनी आम्हा सगळ्यांना एकेक करून नमस्कार केला आणि पेटी परत खांद्यावर घेतली.

ऑर्डर निघाली. मीटिंगमध्ये सचिवांनी माझं कौतुक केलं, एकही डुप्लिकेट नाही म्हणून. दिवाळीनंतर कुणाला न सांगता मी उंच यमुना कम्प्युटरमध्ये परत घातली. तिच्या घरी पत्र टाकायचं धाडस मात्र झालं नाही... आणि मग वर्षं गेली.

परवा सिस्टरला विचारलं, "ती उंच यमुना कुठं असते गं?"

"गावालाच. त्याच साली लग्न लावलं तिचं. माझ्यापेक्षा हुशार होती ती, मॅडम. पण मार्क कमी पडले म्हणून काढलं ना तिला. नव्या रेक्टरबाईंनीच सांगितलं मला, मी विचारायला गेले तेव्हा. मीच तिच्या घरी कळवलं."

मार्क... हे मला माहीतच नव्हतं. मग मी तिला खरं काय ते सांगितलं, आईसमोरच. तिचे हात थांबले. मग तिनं पट्टी पूर्ण बांधली, चिकटपट्टी लावली, हातमोजे काढले आणि फोन लावून माझ्यापुढे धरला. "मला नका सांगू. तिला सांगा."

मी फोन घेतला. दोघींचं नाव एक, तारीख एक, आणि मी एकीला पुसलं... असं काहीतरी म्हणाले. माफी मागितली. पलीकडून तिनं एवढंच विचारलं.

"म्हणजे मार्कांनी नव्हतं काढलं?"

"नाही."

"माझा बा मरेपर्यंत म्हणत होता, तू अभ्यास नाय केला." मग म्हणाली, "माझ्या पोरीच्या वेळी पण मास्तर एक जून लिहीत होता. मी नाय लिहू दिली. खरी तारीख लावलीय तिची."

एवढं बोलून तिनं फोन ठेवला. माफीचं काय, ते ती बोलली नाही... आणि परत फोन लावून विचारावं, एवढाही हक्क मला नाही. माझ्या चुकीवर ती स्वतःचं नाव लिहून वीस वर्षं जगली. ते नाव आज इथं, सगळ्यांसमोर, मी खोडते आहे. तिथं माझं लिहिते आहे.