गुलाबी राहिलेली हळद

विमानाच्या पंखाच्या भागाला बारीक तडा असला, की तपासणीच्या द्रवाची गुलाबी रेघ उमटते. काल प्रयोगशाळेत तशी रेघ दिसली आणि मला थेट सांगलीच्या कॉलेजातल्या पाटणकर बाई आठवल्या. हळदीतली भेसळ पकडायला तिथं पहिल्यांदा त्यांनीच सुरुवात केली. परवा त्यांच्या नावाचा संशोधन पुरस्कार मला मिळतोय.

कॉलेजात असताना एकदा मी तोऱ्यात आमच्याच दुकानातली हळद त्यांच्याकडं नेली. आम्लाचा थेंब पडताच ती गुलाबी झाली. खरी हळद पाणी घातल्यावर पुन्हा पिवळी होते. आमची झाली नाही.

मला बाईंचाच संशय आला. त्यांचं आणि माझ्या वडिलांचं, अण्णांचं, मागं वाजलं होतं.

"तुमचं आम्ल खराब असेल," मी म्हणाले.

"असेलही." बाईंनी नवी बाटली माझ्या हातात दिली. "तूच कर. आधी माझ्या घरची हळद, मग तुझी."

त्यांची पिवळी झाली. आमची गुलाबीच राहिली.

"त्या बाईला काय कळतंय गं हळदीतलं?" घरी अण्णा म्हणाले, पण माझ्याकडं न बघता.

कालची रेघ माझ्याच डिझाइनच्या भागावर होती. शेजारी माझी विद्यार्थिनी उभी होती. मी तिच्याकडं न बघता म्हणाले, "द्रव खराब असेल."