विमानपट्टीवरचा बंब

वसमतला आमच्या गल्लीत माझ्या बाबांना सगळे 'इमानवाले' म्हणतात. बाबांनी विमान कधी चालवलं नाही, ते विमानात कधी बसलेही नाहीत. कोकणात समुद्रकाठच्या एका गावात सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, लहानशी विमानपट्टी होती. तिथे आगीच्या बंबावर त्यांची नोकरी होती. माझं बालपण त्या पट्टीच्या कडेला गेलं.

जवळा बाजारजवळच्या आमच्या खेड्यातून सरकारी नोकरीला लागलेला आमच्या घरातला हा पहिला माणूस. काळ्या मातीत वाढलेल्या आईला तो लाल कातळ बघूनच धसका बसला. "हितं ज्वारी कुठं पेरतेत?" असं तिने शेजारणीला विचारलं. इथे ज्वारी होतच नाही हे कळल्यावर ती चुलीपुढे बसून रडली. मग गावाकडून जो कोणी यायचा, तो ज्वारीचं गाठोडं घेऊनच यायचा.

पट्टी फार जुनी होती. गावातले म्हातारे खलाशी सांगायचे, पट्टीच्याही आधी, त्यांच्या लहानपणी खाडीत पाण्यावर उतरणारं विमान आलं होतं. ते बघून माणसं होड्या सोडून पळाली होती. पुढे मुंबईहून पंख्याचं विमान यायला लागलं. तेवढं मी स्वतः पाहिलंय. विमान यायच्या आधी बाबा बंब घेऊन पट्टीवरून एक फेरी मारायचे, चरणाऱ्या गाई हाकलायचे आणि मग बंबाशेजारी ताठ उभे राहायचे. वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी पिशवीला आम्ही पोरं पायजमा म्हणायचो. पायजमा बघून विमान कुठल्या बाजूने उतरणार ते आम्ही आधीच ओरडून सांगायचो. समुद्रावरून ते वळायचं तेव्हा मासळीवाल्या बाया टोपली एका हाताने सावरत वर बघायच्या. उतरलेल्या माणसांच्या कपड्यांना वेगळाच वास यायचा. तो मुंबईचाच वास, असं मला वाटायचं.

मग प्रवासी मिळेनासे झाले आणि ते विमान बंद पडलं. पट्टी एका खासगी संस्थेकडे गेली. तिथे दोन माणसांच्या छोट्या विमानांवर मुलांना शिकवायचे. बंब तिथेच राहिला, बाबाही संस्थेच्या पगारावर तिथेच राहिले.

शिकायला आलेल्यांपैकी एक मुलगी आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आली. मी तिला ताई म्हणायचे. ती पुण्याकडची, वडील लहानपणीच गेलेले, आई शाळेत शिक्षिका. तिला भात आवडायचा नाही. पहिल्याच आठवड्यात आमच्या दारात येऊन म्हणाली, "काकू, भाकरीचा वास आला म्हणून आले." आई इतकी खूश झाली की त्या दिवसापासून ती रोज एक भाकरी जास्तीची थापायची.

संध्याकाळी ताई अंगणात खुर्ची टाकून डोळे मिटून बसायची आणि हवेतच हात हलवायची. इंजिन बंद पडलं तर काय करायचं, ते ती पाठ करत असायची. "इंधन बंद, स्विच बंद, दार उघडं." मी विचारलं, "स्विच काहून बंद करायचा?" ती म्हणाली, "नाहीतर खाली आपटल्यावर आग लागते. मग तुझ्या बाबांना तकलीफ." तकलीफ हा आमच्याकडचा शब्द तिने आईकडून उचलला होता.

ती गेली तो दिवस स्वच्छ होता. ती एकटीच विमान घेऊन उडाली होती. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. नेहमीसारखा विमानाचा आवाज येत होता आणि मध्येच तो यायचा थांबला. मी वर बघितलं. विमान समुद्राच्या बाजूला होतं, पंख सरळ धरून खाली जात होतं. मग सड्याच्या कडेआड गेलं आणि दिसेना.

बाबांनी बंब कड्यापर्यंत नेला. पुढे वाट नव्हती. खाली सगळं पाणी, आणि वर पाण्याने भरलेला बंब. तो तसाच सोडून बाबा कोळ्यांच्या पायवाटेने खाली धावत गेले. तोवर एका होडीने ताईला बाहेर काढलं होतं. बाबा छातीभर पाण्यातून होडीपर्यंत गेले, वर चढले आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. किनारा यायच्या आत ती गेली.

त्या संध्याकाळी बाबा ओल्या कपड्यांतच ओट्यावर बसले होते. आईने पुन्हा पुन्हा विचारल्यावर बोलले. "तिनं डोळे उघडले. मला वळखलं. म्हनली, काका, मी स्विच बंद केला होता ना? आग नाही ना लागणार?"

"मंग तुमी काय म्हनलात?"

"म्हनलो, केलास बाई, केलास. समदं बराबर केलंस." मग बाबा हुंदका देऊन रडले. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आईने आत जाऊन बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली.

दुसऱ्या दिवशी ताईची आई आली. कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांशी बोलत होती. बाबांसमोर आली आणि विचारलं, "शेवटी काही बोलली का ती?"

बाबांनी माझ्या आईकडे बघितलं. मग म्हणाले, "व्हय. म्हनली, आईला सांगा, मी भ्याले न्हाई."

त्या बाई तिथेच खाली बसल्या आणि तेव्हा कुठे त्यांना रडू आलं.

पुढे संस्था बंद झाली, पट्टीवर गवत वाढलं. आम्ही वसमतला आलो. बाबा हळदीच्या गोदामावर राखणीला लागले. मी शिकले, इथल्याच शाळेत शिकवायला लागले. दर वर्षी ताई गेली त्या दिवशी तिच्या आईचा फोन यायचा. माझी, आईची चौकशी करून झाली की त्या म्हणायच्या, "दादा, तेवढं एकदा सांगा ना." आणि बाबा भिंतीकडे तोंड करून ते वाक्य सांगायचे.

मागच्या वर्षी बाबांना हृदयविकाराचा झटका आला. त्यातून वाचले, पण घाबरले. ते कळल्यावर ताईची आई हिवाळ्यात आम्हाला भेटायला आली. आता बरीच वाकलेली, हातात काठी. आईने भाकरी केली, त्या थोडंसंच जेवल्या. जेवण झाल्यावर म्हणाल्या, "दादा, आज समोर बसून सांगा. नंतर तुम्ही असाल-नसाल, मी असेन-नसेन, कोण सांगणार!"

बाबा खाली बघत राहिले. मला वाटलं, नेहमीसारखंच सांगतील.

"बाई, मी लबाड बोललो व्हतो," ते म्हणाले. "ती तुमचं कायबी बोलली न्हाई. स्विच बंद केला का, एवढंच इचारलं तिनं. आग लागंल म्हनून भ्याली व्हती."

आई ओरडली, "आवो, आता काहून सांगून राहिलात?"

"मरायच्या आधी एकदा खरं बोलावं म्हनलं."

ताईच्या आईने पदर सावरत हळू विचारलं, "भ्याली होती?"

"व्हय."

"मग मी इतकी वर्षं कशावर जगले, दादा?"

बाबांनी हात जोडले. आईने चहा ठेवला होता, तो उकळून उकळून आटला. त्या उठल्या आणि नांदेडची बस कधी आहे ते मला विचारलं.

मी त्यांना बसस्टँडवर घेऊन गेले. वाटेत त्या एकदाच थांबल्या. "स्विच बंद केला होता का तिने? काही कळलं होतं का?" मी म्हटलं, "नाही कळलं, मावशी. ते विमान समुद्रातून पुरतं वर आलंच नाही."

खिडकीशी बसल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "बाबांना सांग, मी त्यांच्यावर रागावले नाही. पण आता फोन नाही करणार. करून विचारू काय?"

घरी येऊन मी बाबांना ते सगळं जसंच्या तसं सांगितलं. "बराबर हाय," एवढंच म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी आईने दूध-भाकरी कुस्करून पुढे ठेवली, तेव्हा त्यांनी मुकाट्याने खाल्ली. या वर्षी ताई गेली तो दिवस आला आणि गेला. बाबा सकाळपासून अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून फोनजवळ बसले होते. दुपारी मी शाळेतून आले तेव्हा बसल्या जागीच त्यांना झोप लागली होती. मी त्यांना उठवलं नाही.